आजोबांनी काढलेली दिवाबाई : रविवर्मा का? आणि वार्निश मारू का?

बालाघाटी (धागाकर्ता)

मंडळी, एक सल्ला पाहिजे, आणि जरा लवकर पाहिजे, कारण मामानं वार्निशचा डबा आणून कोनाड्यात ठेवलाय.

आमचं आजोळ धारूरचं. जुनं माळवदाचं घर. दोन पावसाळे गळलं, यंदा उतरवायचं ठरलं. सामान हलवताना देवघराशेजारच्या भिंतीवरची तसबीर खाली घेतली. अडीच फूट उंच हार्डबोर्ड, त्यावर ऑइल पेंटनं काढलेली बाई. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांतून लालसर उजेड आरपार दिसतोय. घरात हिला दिवाबाई म्हणतात. दिवेलागणीला लाइट गेली की आजी म्हणायची, "दिवाबाईकडं बघत बसा, भ्या वाटत नाही." खरं तर आम्हाला तिच्याकडं बघूनच भ्या वाटायचं.

चित्र काढलंय आजोबांनी, म्हणजे आईच्या वडलांनी. ते पेंटर. धारूर, केज, माजलगावच्या दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, टुरिंग टॉकीजचे बोर्ड, निवडणुकीच्या भिंती, हे त्यांचं पोटाचं काम. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. "पेंटर हायेत का घरी?" एवढंच.

घरातले सगळे सांगत आले की हे रविवर्म्याच्या चित्रावरून काढलंय. खरं का? आणि दुसरं, चित्र पार काळं-पिवळं पडलंय. मामा म्हणतो वार्निशचा एक हात मारू, झळकन उठेल. फोटो खाली टाकलाय.

नांदेडी_नाना

रविवर्माच. आमच्याकडं पण होतं हे, कॅलेंडरवर. आई ते फाडू द्यायची नाही, वर्ष संपलं तरी. वार्निश मारा की बिनधास्त, कामून घाबरायलाव?

खडीसाखर

वाचतेय. फोटो मोठा टाका ना, हाताजवळचा.

ड्रॉइंगमास्तर

थांबा, थांबा. मामांना म्हणावं डब्याचं झाकण उघडू नका.

आधी पहिला प्रश्न. हे चित्र रविवर्म्याचं नाही. मूळ चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, 'ग्लो ऑफ होप'. हळदणकर सावंतवाडीचे, जन्म १८८२ चा. चित्र १९४५-४६ मधलं. रविवर्मा १९०६ सालीच गेले, म्हणजे ते गेल्यावर चाळीस वर्षांनी काढलेलं हे चित्र. मॉडेल म्हणून उभी होती हळदणकरांची मुलगी गीता. दिवाळीत आईची साडी नेसून हातात दिवा घेतलेली मुलगी त्यांनी पाहिली आणि तिथून चित्र सुचलं, अशी हकीकत आहे. मूळ चित्र मैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. अंधाऱ्या खोलीत ठेवलंय. दारातून आत गेलं की क्षणभर दिव्याचाच उजेड पडलाय असं वाटतं.

मग रविवर्म्याचं नाव कसं चिकटलं? एक तर त्याच पॅलेसमध्ये रविवर्म्याची चित्रं आहेत, बघून आलेल्या माणसाच्या डोक्यात सरमिसळ होते. दुसरं म्हणजे रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून शिळाछापाच्या लक्ष्म्या-सरस्वत्या घरोघरी पोचल्या. एकेका रंगाला एकेक दगड, असे कितीतरी दगड एका चित्राला लागायचे. आपल्या आजी-पणजीच्या देवघरात जो देव होता त्याचा चेहरा रविवर्म्यानं दिलेला होता. तेव्हा कुठलंही वनस्पती तूप जसं 'डालडा', तशी भिंतीवरची कुठलीही देखणी बाई 'रविवर्मा'. नाना, तुमच्या कॅलेंडरवर तसं छापलंही असेल. कॅलेंडरवाल्यांचा काय भरवसा.

आता गंमत अशी की मूळ चित्र जलरंगातलं आहे. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. एकदा तिथं गडद रंग गेला की गेला, माघार नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलेल्या पोरांना मी चौतीस वर्षं हेच ओरडून सांगत आलो. तुमच्या आजोबांकडं होतं पाट्यांचं इनॅमल. ते अगदी उलट्या वाटेनं गेलेत. आधी सगळं काळं, मग तांबूस, मग केशरी, आणि शेवटी बोटांच्या कडेला पिवळ्याचा एकच फटकारा. फोटोत तो फटकारा दिसतोय. पाटीवरच्या अक्षराला 'शाइन' मारतात ना, तोच हात आहे.

वार्निशबद्दल जेवून येऊन लिहितो.

पुण्यात_मुक्काम

म्हणजे हळदणकरांचं चित्र, त्याचं कॅलेंडर, आणि कॅलेंडरवरून पाटी रंगवणाऱ्यानं काढलेली नक्कल. नकलेची नक्कल. धागाकर्त्याच्या भावना समजतात, जरूर जपावं. पण इथं लगेच 'आपला कलेचा वारसा' सुरू होणार, म्हणून आधीच सांगतो. (मूळ गाव परभणी, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.) मराठवाड्यात चित्रकला म्हणजे अजिंठा. दीड हजार वर्षांपूर्वी संपली. त्यानंतर आपल्याकडं आहे काय?

फर्दापूरकर

मुक्काम, रागावू नका, पण ज्या अजिंठ्याचं नाव घेऊन तुम्ही पेंटर आजोबांना बाजूला सारताय, तो अजिंठा जगाला नकलांतूनच दिसला.

मी तिथलाच. माझे वडील लेण्यांत आरसा धरायचे. लाइट नव्हते तेव्हा बाहेर उन्हात एक माणूस आरसा घेऊन बसायचा, आत जमिनीवर पांढरं कापड अंथरायचं, आरशाचा कवडसा कापडावर पाडायचा आणि त्याचा उजेड भिंतीवर चढवायचा. वडील म्हणायचे, सूर्य सरकतो तसं आपण सरकायचं, साहेबाला कळू द्यायचं नाही.

तर नकला. २८ एप्रिल १८१९ ही तारीख इंग्रज फौजेतल्या जॉन स्मिथनं दहाव्या लेण्याच्या खांबावर आपल्या नावासकट कोरून ठेवलीय, तीही रंगवलेल्या खांबावर. शिकारीला आला होता. १८४४ ला मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल आला. वीसेक वर्षं इथं राहिला, मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. (गिल आणि पारोच्या प्रेमाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडतो.) त्या नकला लंडनला सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या आणि १८६६ च्या आगीत जळाल्या. मूठभर वाचल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन येत राहिले, पार १८८५ पर्यंत. पेस्तनजी बमनजी त्यातलेच. त्यांच्याही नकला लंडनला गेल्या आणि साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियमला १८८५ ला आग लागली त्यात बऱ्याच गेल्या. १९१७-१८ ला जपानचा आराई काम्पो आला. त्याच्या नकला १९२३ च्या तोक्योच्या भूकंपात संपल्या.

गाइड लोक याला शाप म्हणतात. मीही म्हणतो, पर्यटक खूश होतात. पण घरी बसून विचार केला की वाटतं, मातीवरचं चित्र दीड हजार वर्षं राहिलं आणि कॅनव्हासवरचं वीस-पंचवीस वर्षांत गेलं, यात शापापेक्षा मातीचं कौतुक जास्त.

ती माती कशी होती तेही सांगतो. खडक टाकीनं खडबडीत ठेवायचा. त्यावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, गवत, झाडाचे तंतू. आपण घर लिंपताना भुसा कालवतो तेच. वरून चुन्याचा पातळ हात. तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेला रंग. ओल्या चुन्यावर नव्हे, म्हणून याला फ्रेस्को म्हणणं चूक. गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी माती, एक हिरवा दगड, हे सगळं जवळपासचं. निळा तेवढा लाजवर्द नावाच्या दगडाचा, थेट अफगाणिस्तानचा. नऊ-दहा नंबरच्या जुन्या लेण्यांत तो नाही, पाचव्या शतकातल्या लेण्यांत आहे. एक नंबरला जाऊन पद्मपाणीच्या हातातलं निळं कमळ बघा. कमळापेक्षा त्याची बोटं बघा. देठ धरलाय की नुसता टेकवलाय, सांगता येत नाही. वडील आरसा डावीकडून उजवीकडं न्यायचे तेव्हा ती बोटं हलल्यासारखी वाटायची. गाइड चेहऱ्यावर बोलतात, उजेड बदलला की भाव बदलतात म्हणून. मला बोटंच लागली.

आता मामांसाठी. ग्रिफिथ्सच्या माणसांनी रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निशचा हात दिला होता. पुढं निजाम सरकारनं १९२० मध्ये इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी असे दोन कारागीर बोलावले. त्यांनी भिंतीपासून सुटलेले पोपडे परत बसवले, ते मोठं काम. त्यांचे उपकार आहेत. पण वरून लाखेचा थर दिला. त्या वेळी चित्रं झळकन उठलीच असणार! मग लाख पिवळी पडली, तपकिरी झाली, धूळ धरून बसली, आणि पुरातत्त्व खात्याचे रसायनवाले वर्षानुवर्षं ती काढत बसले. निजामाच्या इटालियन माणसांना जे निस्तरलं नाही ते मामांना निस्तरायचं असेल तर मारा वार्निश.

नांदेडी_नाना

मी मघाशी जे बोललो ते मागं घेतो. मामा, थांबा.

पुण्यात_मुक्काम

माहिती उत्तम, दंडवत. पण माझा मुद्दा तसाच राहिला. गिल-ग्रिफिथ्सनी नकला केल्या त्या नोंद म्हणून. त्यांना कुणी अजिंठ्याचे चित्रकार म्हणत नाही. नकलेतून पुढं काही निघालं तर ती कला. नाहीतर ती कारकुनी.

ड्रॉइंगमास्तर

हा प्रश्न खरा आहे, आणि याचं उत्तर 'निघालं' असं आहे.

१९०९ ते ११ दरम्यान दोन हिवाळे लेडी हेरिंगहॅम नावाच्या बाईंनी अजिंठ्यात तंबू ठोकून नकला केल्या. मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही विशी-पंचविशीच्या आसपासची पोरं आली. नंदलालांनी पुढं जे काढलं त्यातली रेषा बघा. १९३८ ची हरिपुरा काँग्रेसची पोस्टरं बघा. ढोल वाजवणारा, शिवणारा शिंपी, सगळी साधी माणसं, पण वळण लेण्यातलं. आपल्या संविधानाच्या मूळ प्रतीची पानं त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सजवली. फर्दापूरच्या डोंगरात सहा-सहा तास मान वर करून केलेल्या कारकुनीतून हे निघालं.

अमृता शेरगिल १९३६ च्या अखेरीस अजिंठा बघून गेल्या. त्यांनी नकला करत बसल्या नाहीत, पण १९३७ मधली त्यांची 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' ही चित्रं तिथून आलीत हे कुणालाही दिसतं. पॅरिसमध्ये शिकून आलेली बाई इथं येऊन गेरू वापरायला लागली.

आणि हेरिंगहॅमबाईंच्या तंबूत निजामाच्या हद्दीतलेही दोघे होते, सय्यद अहमद आणि फजलुद्दीन काझी. सय्यद अहमद पुढं लेण्यांतच राहिले. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी, त्यांच्या अजिंठ्यावरच्या चार मोठ्या खंडांमागं (१९३० ते १९५५) अशा हैदराबादी हातांची मेहनत आहे. नंदलालांचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं, सय्यद अहमदांचं येत नाही. मीही ते पन्नाशी उलटल्यावर वाचलं, तोवर त्याच लेण्यांत सव्वीस सहली नेल्या होत्या. त्याची लाज वाटते.

(वरच्या परिच्छेदात 'त्यांनी नकला करत बसल्या नाहीत' असं झालंय, 'त्या' वाचा. संपादन कुठून करतात इथं?)

गोदाकाठची

मास्तर, संपादनाची सोय प्रतिसाद आल्यावर बंद होते. राहू द्या, कळतंय.

मुक्काम, "त्यानंतर आहे काय" यावर पैठणकरीण गप्प बसली तर गोदावरी माफ करणार नाही. पैठण म्हटलं की लोकांना साडी आठवते. पण पैठणची चित्रंही आहेत, चित्रकथी लोकांची. कागदावर मोठाल्या आकृत्या, चेहरे एका बाजूनं, डोळा मात्र पूर्ण आणि वटारलेला. राक्षस असे की लेकरानं जेवण सोडावं. दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवून एक पान करायचं. कथेकरी एकेक पान पुढं धरणार आणि रामायण-महाभारतातलं आख्यान गात सांगणार. पान फिरवलं की गोष्ट पुढं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ती आहेत. तुम्ही पुण्यातच असता ना? शुक्रवार पेठ. जाऊन या.

चित्र दाखवून गोष्ट सांगणारा माणूस नवा नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासात, म्हणजे बाराव्या शतकात, चित्रकथकाचा उल्लेख आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याहून जवळच. त्याच ग्रंथात चित्र कसं काढावं याचा अख्खा भाग आहे. म्हशीचं कातडं उकळून केलेला 'वज्रलेप' रंगात कसा घालावा इथपर्यंत लिहिलंय. राजा आपल्या ग्रंथात सरस उकळायची रीत लिहितो! आपल्याकडं पेंटरला घराच्या पडवीच्या आत घेत नव्हते.

अजून एक. मधली हजार वर्षं कोरी नाहीत. वेरूळच्या कैलासाला आपले लोक 'रंगमहाल' म्हणतात ते उगाच नाही. छताला अजून रंग आहे. तिथं आणि जैन लेण्यांत चेहरे टोकदार व्हायला लागतात, पलीकडचा डोळा चेहऱ्याबाहेर यायला लागतो. तोच डोळा पुढं गुजरात-राजस्थानच्या जैन पोथ्यांत दिसतो. आणि १६५० ला औरंगाबादेत रंगवलेली रसमंजरी या संस्कृत काव्याची पोथी आहे. तेव्हा शहर मोगलांच्या दख्खनचं ठाणं होतं, राजपूत सरदार छावणीत, चित्रकार त्यांच्याबरोबर.

पैठणच्या चित्रांवर सही नसते. पान हाताळून हाताळून झिजणार, मग जुनं पुढं ठेवून नवं काढायचं. यात नक्कल कुठली आणि मूळ कुठलं, सांगा.

खडीसाखर

गोदाकाठची ताई, +१. कोकणातल्या पिंगुळीचे चित्रकथी सगळ्यांना माहीत झाले, २०२१ ला तिथल्या परशुराम गंगावणेंना पद्मश्री मिळाली. पैठणचं नाव मात्र साडीच्या दुकानावर.

अवांतर : वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडले ते खरं का?

फर्दापूरकर

खरं. २०१६ ला प्रसिद्ध झालं. भांगेच्या झाडाचे तंतू मातीत कालवले होते, त्यामुळं तिथल्या गिलाव्याला किडे कमी लागले. अजिंठ्यात ते नाही सापडलं, आणि अजिंठ्यात किड्यांनी बरंच खाल्लंय. तरी इथं गाइड सांगतात की चित्रकार भांग पिऊन काढायचे. त्यांना मी काही बोलत नाही, त्यांचं पोट आहे.

तेरणा

दोन दिवस धागा वाचतेय. सगळे लेण्यांतून, राजवाड्यांतून आणि संग्रहालयांतून फिरून आले. आमच्या भिंतीकडं कुणी बघितलंच नाही.

आमच्याकडं येळवसीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात कडब्याची कोप (झोपडी) करतात. आत पाच दगड मांडतात, पांडव म्हणून. त्यांना चुन्यानं पांढरं करायचं आणि वर कावेची, म्हणजे गेरूची, बोटं ओढायची. आमच्या घरी ते काम आत्याचं. ती ब्रश वापरत नव्हती. काव तांब्यात कालवायची, तीन बोटं बुडवायची आणि दगडाला वरून खाली एका श्वासात आणायची. मी एकदा केलं तर रेघ मध्येच तुटली. आत्या म्हणाली, "दम धर, मग ओढ. ओढताना दम सोडू नको." पुढं मी कला महाविद्यालयात चार वर्षं फी भरली. रेषेबद्दल याहून जास्त कुणी शिकवलं नाही. नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचे ते तसेच, पोळ्याला बैलाच्या अंगावरचे ठसे तसेच.

आता एक सल सांगते. १९६६-६७ ला बिहारात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा हस्तकलेचं काम बघणाऱ्या पुपुल जयकरांनी भास्कर कुलकर्णींना मिथिलेत पाठवलं. जे. जे. मधून शिकलेला आपला मराठी माणूस. त्यानं तिथल्या बायांना कागद दिले आणि सांगितलं, भिंतीवर काढता ते यावर काढा. त्यातून मधुबनी जगभर गेली, सीतादेवी, गंगादेवी ही नावं झाली. त्याच कुलकर्णींनी वारलीत जिव्या सोमा म्हशेंचा हात ओळखला. आणि १९७२ ला मराठवाड्यात दुष्काळ पडला तेव्हा माझी आत्या खडी फोडायला गेली. सुकडी खाल्ली, खडी फोडली. हाताला घट्टे पडले. कागद घेऊन कुणी आलं नाही.

कुलकर्णींवर राग नाही, तो माणूस मोठाच. आमच्याकडं मिथिलेसारखी भरगच्च चित्रं नव्हती हेही कबूल. पण तीन बोटांची ती रेघ होती.

पुण्यात_मुक्काम

तेरणा, यावर माझ्याकडं उत्तर नाही.

'कारकुनी' हा शब्द मागं घेतो. नक्कल आणि कला यांतला फरक मात्र मी सोडणार नाही. रियाज आणि मैफल यांत फरक असतोच. नंदलाल लेण्यातून बाहेर पडले आणि स्वतःचं काढलं. आजोबांनी कॅलेंडरसारखंच काढलं, एवढंच म्हणणं आहे. बाकी रविवारी केळकर संग्रहालयात जातोय.

ड्रॉइंगमास्तर

कॅलेंडरसारखंच काढलंय का, हे आधी बघू. बालाघाटी, फ्रेम उघडा. मागचे खिळे पक्कडीनं हळू ओढा, ठोकू नका. चित्र पालथं घालू नका. कडेचा भाग, जो फ्रेमच्या खोबणीत झाकलेला असतो, तो बघा आणि फोटो टाका. बोर्डाच्या मागचाही टाका.

साफ करायला फक्त कोरडा मऊ ब्रश, मेकअपचा मिळतो तो चालेल. रंगाचे पोपडे सुटलेले दिसले तर तोही नको. ओलं फडकं नको, टर्पेंटाइन नको, कापलेला बटाटा नको, पावाचा तुकडा नको. मोबाइलवर हे सगळे उपाय फिरतात आणि सगळे चुकीचे आहेत. नव्या घरात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, तिथं ओल येते. टांगाल तिथं मागं बुचाचे दोन तुकडे लावा, वारा खेळला पाहिजे. आणि देवघराशेजारी पुन्हा नको. साठ वर्षांचा कापूर, उदबत्ती आणि तेलाचा दिवा बसलाय तिच्या तोंडावर.

बालाघाटी (धागाकर्ता)

मास्तर, सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. मामा पक्कड धरून होता, मी श्वास धरून.

खोबणीत झाकलेली अर्ध्या इंचाची पट्टी चारी बाजूंनी नव्यासारखी निघाली. मागची पार्श्वभूमी आम्ही जन्मभर काळी समजत होतो, ती मोरपंखी आहे! मामा म्हणाला तो रंग त्यानं ओळखला. गावातल्या एका कापड दुकानाच्या पाटीसाठी आणलेला डबा उरला होता, त्यातला. त्या पट्टीत पेन्सिलच्या खुणाही आहेत, दर दोन इंचांवर एक रेघ आणि बारीक आकडे, १ ते १५. म्हणजे चौकटी टाकून मोठं केलंय. बोर्डाच्या मागं पेन्सिलनं हिशेब लिहिलाय. पांढरा डबा, टर्पेंटाइन, खिळे, आणि खाली "काचेचे पैसे देणे". काच कधी बसलीच नाही.

खडीसाखर, तुम्ही मागितलेला हाताचा फोटो टाकलाय.

खडीसाखर

मनगटावर गोंदण आहे! आडोसा धरलेल्या हातावर, बांगड्यांच्या जरा वर. पाच ठिपके आणि खाली काहीतरी तुळशीवृंदावनासारखं. मूळ चित्रात हे कुठं आहे?

ड्रॉइंगमास्तर

मूळ चित्रात नाही. छापील प्रत समोर घेऊन भिंगातून बघितलं. मोरपंखी पार्श्वभूमीही मूळची नाही, तिथं तपकिरी अंधार आहे.

मुक्काम, बघताय ना?

पुण्यात_मुक्काम

बघतोय. बघतोय.

नांदेडी_नाना

आजीचं गोंदण असणार, दुसरं कुणाचं. पेंटरनं कॅलेंडरच्या बाईला आपल्या बायकोचा हात दिला. काय माणूस हो!

गोदाकाठची

नाना, अगदी हेच मनात आलं. बालाघाटी, आईला विचारा.

बालाघाटी (धागाकर्ता)

विचारलं. आईनं चष्मा लावून फोटो बघितला, मग चष्मा पुसून परत बघितला.

म्हणाली, "आईच्या हातावर नव्हतं गोंदण. तिला सुईचं भ्या. गोंदणारीण आली की ती माळवदावर पळायची."

मग कुणाचं, म्हटलं.

मामा एकदम पक्कड शोधायला उठला. पक्कड त्याच्या हातातच होती. आई म्हणाली, "मला काय माहीत, पेंटरला विचारा," आणि चहा ठेवायला आत गेली. आत गेल्यावर बराच वेळ दोघं हसत होते, ते मला ओसरीवर ऐकू आलं.

वार्निशचा डबा परत केलाय. दुकानदारानं अर्धेच पैसे दिले.